सुर्व्यांचं रानडुक्कर

आयर्लंडमध्ये रानडुक्कर नाही. कोल्हे आहेत, हरणं आहेत, ससे तर आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्येही आहेत, आणि मेंढ्या माणसांपेक्षा जास्त असाव्यात अशी मला शंका आहे. पण रानडुक्कर नाही. अशा या देशात बसून आमचे सुर्वे वर्षानुवर्षं एकाच गोष्टीचा विचार करत होते, की रानडुक्कर मारायला रायफलची कुठली गोळी चांगली.

हे मला ओळखीच्या पहिल्याच दिवशी कळलं. लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात मी नवीन लागले होते. गाडी अजून घेतली नव्हती. ल्यूकनमध्ये आमच्याच वसाहतीत राहणारे आणि त्याच कारखान्यात बरीच वर्षं काढलेले सुर्वे मला रोज सोबत न्यायला तयार झाले. मी गाडीत बसले, पट्टा लावला आणि काहीतरी बोलायचं म्हणून थंडीबद्दल बोलले. सुर्व्यांनी आरशात पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं, आणि गाडी मागे घेता घेता विचारलं, "मॅडम, रानडुकराचा खांदा कधी हाताने चाचपून पाहिलाय?"

मी कोथरूडची. पाल दिसली तर नवऱ्याला हाक मारणारी. नाही म्हणाले.

"चिलखत असतं हो. कातडीखाली हा एवढा चिवट थर. गोळी त्यातून आत गेली पाहिजे, पण पलीकडून बाहेर पडता कामा नये. सगळा झगडा तेवढाच आहे बघा."

कारखान्याचं फाटक येईपर्यंत मला कळलं होतं की काडतूस आणि गोळी या वेगळ्या गोष्टी आहेत. काडतूस म्हणजे पितळी नळी, दारू, ती पेटवणारी टोपी, गोळी असं सगळं मिळून. गोळी म्हणजे फक्त पुढचं उडणारं टोक. नंतर कधी माझ्या तोंडून चुकून उलटसुलट गेलं तर सुर्वे एखाद्या शास्त्रीबुवांसारखे डोळे मिटून घेत. मऊ टोकाची गोळी लागल्यावर फुलते, तांब्याच्या पूर्ण कवचाची कडक गोळी फुलत नाही, सरळ आरपार जाते, हेही त्याच दिवशी कळलं. संध्याकाळी निखिलने, माझ्या नवऱ्याने, विचारलं, पहिला दिवस कसा गेला? मी म्हणाले, कामाचं अजून काही कळलं नाही, पण डुक्कर मारता येईल.

सुर्वे तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. उंच, सडसडीत, शर्टाला कडक इस्त्री. लग्न केलेलं नव्हतं. कोणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणत, ते गॅस बंद करायचा राहून गेला अशा सुरात. गाव कोकणात राजापूरच्या पुढे, कातळाच्या सड्यावरचं. स्वयंपाक उत्तम करत. त्यांच्या हातची सोलकढी प्यायला डब्लिनच्या दुसऱ्या टोकाची माणसं ल्यूकनला येत.

त्यांचं एक पालुपद होतं. "पलीकडे काय आहे?" कशाच्याही बाबतीत. आम्ही घर बघायला निघालो तेव्हा त्यांना सोबत नेलं. दलाल मोठ्या कौतुकाने स्वयंपाकघरातला एकेक प्रेस उघडून दाखवत होता. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. सुर्वे भिंतीवर बोटांनी टकटक करत त्याला विचारत होते, "याच्या पलीकडे काय आहे?" पुढे त्या घरात राहायला गेल्यावर निखिल गणपतीची तसबीर लावायला खिळा ठोकत होता. सुर्वे चहा पीत म्हणाले, "पलीकडे काय आहे ते बघितलंत का?" निखिल हसला आणि त्याने हातोडा मारला. पलीकडे पाण्याचा पाइप होता. पुढचे दोन दिवस आमच्याकडे प्लंबर होता. सुर्वे एका शब्दाने काही बोलले नाहीत, पण ती भिंत कोरडी होईपर्यंत रोज येऊन बघून जात.

त्यांच्याकडे रायफल होती. गार्डांकडून, म्हणजे इथल्या पोलिसांकडून, रीतसर परवाना घेतलेली, लोखंडी तिजोरीत कुलपात ठेवलेली. शनिवारी ती घेऊन ते नेमबाजीच्या क्लबात जात. ल्यूकनमधल्या प्रत्येक मराठी घरातली रद्दी त्यांच्याकडे जायची; पिझ्झ्याची पत्रकं, सुपरमार्केटची पत्रकं. निवडणुका आल्या की त्यांची चंगळ. "उमेदवार कागद जाड वापरतात," म्हणायचे. ही सगळी रद्दी पाण्यात भिजवायची, तिचे गठ्ठे बांधायचे, पुढे जुन्या चामड्याचा तुकडा लावायचा, म्हणजे झाला डुकराचा खांदा. त्यावर नेम धरून गोळी मारायची आणि मग गठ्ठा उकलून ती कुठवर गेली, किती फुलली, तुटली की अखंड राहिली, ते बघायचं.

त्या फुललेल्या गोळ्या ते स्टीलच्या मसाल्याच्या डब्यात ठेवत. मोहरीच्या वाटीत एका वजनाच्या, जिऱ्याच्या वाटीत दुसऱ्या. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा जेवणानंतर त्यांनी हा डबा समोर ठेवून उघडला. निखिलने बडीशेप समजून चिमूट भरली.

"तोंडात टाकू नका," सुर्वे शांतपणे म्हणाले. "शिसं आहे."

क्लबातला त्यांचा मित्र पॉरिक. विक्लोच्या डोंगरात मेंढ्या पाळणारा, गाजरासारखा लाल, हसरा गडी. दर हिवाळ्यात तो मित्रांबरोबर हंगेरीला रानडुकरांच्या शिकारीला जाई आणि दर हिवाळ्यात सुर्व्यांना चल म्हणे. सुर्वे रजा टाकत. रजा मंजूर होई. जायची वेळ जवळ आली की गाडीत मला सांगत, "नाही जमत मॅडम. गोळीचं अजून नक्की होत नाहीये." मग रजेचे दिवस घरी बसून काढत. पॉरिकला मात्र ते एका झटक्यात सांगत, अमुक वजनाची घे, तमुक बनावटीची घे. आणि पॉरिक डोळे मिटून तीच नेई. परत आल्यावर तो डुकराचं सॉसेज आणून देई. सुर्वे ते कधी खात नसत. ते फक्त विचारत, "गोळी कुठे सापडली?" पॉरिक म्हणाला, पलीकडच्या कातडीखाली अडकली होती, की त्यांचा चेहरा असा उजळायचा, जणू कुणाचं तरी ऑपरेशन यशस्वी झालंय.

"हा तुमचा माणूस," पॉरिक एकदा मला म्हणाला, "आमच्या अख्ख्या काउंटीत असा नेम कोणाचा नाही. आणि याने आजवर कागदाशिवाय कुणाचा जीव घेतलेला नाही."

आम्ही हसलो. सुर्वेही हसले.

सकाळी आम्ही कामाला निघालो की तिकडे दुपार झालेली असे, आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी गाडीतच गावाहून फोन येई. सुर्व्यांचे थोरले भाऊ, अण्णा. गावी शेती बघायचे. गाडीचा स्पीकर चालू, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. सगळं म्हणजे एवढंच.

"बरा हायस ना रे?"

"बरा आहे. तू?"

"बरा. पाऊस हाय काय तिकडं?"

"आहे."

"हिकडं पन हाय."

"बरं. ठेवतो."

सिग्नल लाल असताना सुरू झालेलं बोलणं तो हिरवा व्हायच्या आत संपे. आणि मग सुर्वे मला लिक्सलिपपर्यंत गोळीच्या टोकाबद्दल सांगत. मला वाटे, असतात काही घरांतली माणसं अबोल.

मग एका सकाळी अण्णा नेहमीचं सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, "ऐक जरा. ठेवू नको. डुकरानी पार वाट लावली हाय. भाताचं लोंब ठेवलं न्हाय. मी लायसनसाठी अर्ज केलाय. काकांची ती रायफल माझ्या नावावर करून घेतोय. गोळी कुठली घेऊ, ता सांग."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही. मागच्या गाड्या निमूट उभ्या राहिल्या; इथे कोणी भोंगा वाजवत नाही.

"अरे, हायस काय?"

"आहे," सुर्वे म्हणाले. "बघून सांगतो."

पुढच्या आठवड्यात अण्णांनी पुन्हा विचारलं. सुर्वे म्हणाले, बघतोय. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते डुकरं किती वजनाची आहेत, कुठल्या बाजूने शेतात उतरतात, असलं काहीबाही विचारत राहिले, अण्णा उत्साहाने सांगत राहिले, आणि शेवटी पुन्हा "बघून सांगतो." असे दोनेक महिने गेले. मला राहवेना. एका सकाळी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर मी म्हणाले, "पॉरिकला तर लगेच सांगता. सख्ख्या भावाला सांगायला एवढं काय?"

बाहेर पाऊस होता. सुर्व्यांनी गाडी बंद केली, पण किल्ली काढली नाही.

"तुम्हाला वेळ आहे का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

ते सांगलीला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. सुट्टीत गावी निघाले होते. गावात तेव्हाही डुकरांचा उपद्रव होता. गावकरी हाका घालत. म्हणजे माणसं ओरडत, डबे वाजवत रान उठवायची आणि पुढे बंदूकवाला दबा धरून बसायचा. बंदूकवाले म्हणजे त्यांचे वडील, अप्पा. रायफल चुलत्यांची. अप्पांनी सांगितलं होतं, येताना कोल्हापुरातून काडतुसं घेऊन ये.

"दुकानात दोन जातीची होती मॅडम. मऊ टोकाची आणि पूर्ण कवचाची. अप्पांनी कुठली ते लिहिलं नव्हतं. मी कुठलीही आणली असती तरी त्यांनी चालवून घेतली असती. मी कडक घेतली. मला वाटलं, डुकराचं कातडं जाड, तर आरपार जाणारी पाहिजे. घरी येऊन सगळ्यांना तासभर समजावून सांगितलं. वेग, वजन, सगळं. अप्पांना कौतुक वाटलं. शिकलेला मुलगा."

त्यांनी बाहीने काचेवरची वाफ पुसली.

"डुक्कर जागच्या जागी पडलं. मी अप्पांकडे बघून हसलोसुद्धा. आणि मग पलीकडून, करवंदीच्या जाळीमागून, ओरडल्याचा आवाज आला. मला वाटलं, हाकेवाल्यांपैकी कोणीतरी आनंदाने ओरडतंय."

डुकरातून पलीकडे गेलेल्या गोळीने अण्णांच्या गुडघ्याची वाट लावली होती. रत्नागिरीच्या दवाखान्यात ते कितीतरी दिवस होते. पाय राहिला, पण वाकेना झाला. अण्णा शिमग्यात पालखी नाचवायचे. डोक्यावर पालखी घेऊन असे बसायचे, असे उठायचे, की बाकीच्या वाड्यांतली माणसं बघायला यायची. ते संपलं. अप्पांनी रायफल चुलत्यांच्या ओटीवर नेऊन ठेवली आणि मरेपर्यंत तिचं नाव काढलं नाही.

"आणि अण्णा?" मी विचारलं. "ते काय म्हणाले तुम्हाला?"

"काही नाही. मी दवाखान्यात गेलो तर मला म्हणाला, तुझी परीक्षा कधी आहे?"



"मला एक शिवी दिली असती ना," सुर्वे म्हणाले, "तर मी आज गावात असतो बहुतेक. त्याने दिली नाही. मी निघून आलो. आधी मुंबई, मग इकडे. आणि आता तो मला विचारतोय, गोळी कुठली घेऊ. त्याच रायफलीसाठी. मी काय सांगू त्याला?"

त्या दिवशी आम्ही दोघंही कामावर उशिरा पोचलो. मला त्यांना एकच गोष्ट सुचवता आली. "अण्णांना इकडे बोलवा. फोनवर नका सांगू. समोर बसून बोला."

मला वाटलं होतं, ते टाळतील. पण जूनमध्ये अण्णा आले.

अण्णा भावाच्या अगदी उलट. बुटके, गोल, अखंड बोलणारे. काठी टेकत, एक पाय ओढत, विमानतळाच्या दारातून बाहेर आले ते हसतच. सुर्वे पुढे झाले, बॅगा घेतल्या आणि गाडीकडे चालू लागले, भराभर. गाडी काढताना दोनदोनदा मागे वळून पाहणारा हा माणूस भावाला चालताना एकदाही बघत नव्हता. अण्णांच्या पावलाला पाऊल मिळवत मी आणि निखिल चाललो.

अण्णांना आयर्लंड फार आवडलं. "पाऊस कसा शिस्तीत पडतो हिकडं," म्हणाले. सुर्वे कामावर गेले की ते काठी घेऊन बाहेर पडत आणि दुपारपर्यंत कुठे कुठे फिरून येत. माझी मुलगी ईरा मराठी समजते, पण उत्तर देते ते आयरिश हेल काढून इंग्रजीत. अण्णांचं त्याने काही अडत नसे. ते आपली संगमेश्वरी बोली बोलायचे, ती इंग्रजी, आणि दोघं कॅरम खेळताना तावातावाने भांडायची. दोन्ही भाऊ मात्र एका घरात राहून टीव्ही बघत. आठवडे चालले. सुर्वे गाडीत मला म्हणत, आज बोलतो. दुसऱ्या दिवशी म्हणत, काल जमलं नाही.

एका रविवारी पॉरिकने आम्हा सगळ्यांना विक्लोला शेतावर बोलावलं. अण्णांनी त्याच्या मेंढ्यांचे दात तपासले, एका मेंढीच्या खुराला लागलेलं दाखवून दिलं. पॉरिकने त्यांना खांद्याला धरून सगळं शेत फिरवलं. मग तो चहा करायला आत गेला, निखिल आणि ईरा कुत्र्याच्या पिल्लांकडे गेले. दगडी गडग्यापाशी, शेताच्या बुटक्या कुंपणापाशी, आम्ही तिघंच उरलो. समोर डोंगर उतरत गेलेला. अण्णा गडग्यावर बसले, पाय सरळ पुढे पसरून.

"आता सांग," ते म्हणाले. "कुठली गोळी?"

मी उठायला लागले. सुर्व्यांनी हाताने मला थांबवलं. मी नसते तर त्यांना जमलं नसतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

"अण्णा," ते म्हणाले, "ती गोळी मी निवडलेली."

"कुठली?"

"ती."

अण्णा काठीचं टोक गवतात फिरवत राहिले.

"मग? कोल्हापूरला तूच गेलेलास. म्हायत हाय की मला."

"दुसऱ्या जातीची घेतली असती तर आत थांबली असती. तुझ्यापर्यंत आली नसती."

"आणि मी फनसाखाली असतो तर?"

सुर्व्यांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"अप्पानी सगळ्यांना जागा वाटून दिलेल्या," अण्णा म्हणाले. "मला सांगितलेलं, फनसाखालनं हलू नको. मी हललो. करवंदीकडं मी आपला आपन गेलो. अप्पाना काय ठाव? त्यांच्या हिशोबानं तिकडं कोन नव्हतंच."

"का हललास?"

"बगायला." अण्णा थोडे ओशाळले. "तू एवढं सगळं सांगत होतास ना, वेग काय नि वजन काय. मला त्यातलं काय कळलं न्हाय. म्हटलं, ह्यानं आणलेली गोळी लागते कशी, ता तरी बगू."

खाली कुठेतरी मेंढ्या ओरडत होत्या. सुर्वे गडग्याचा एक दगड धरून उभे होते.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगू कवा? तू थांबलास कुठं? अप्पा तर तुज्याशी बोलेनासे झाले, ता बगून माजा जीव तुटायचा. त्याना सांगितलं मी, चूक माजी हाय. त्यानी ऐकलं न्हाय. तुला सांगायचं तर तू परीक्षेला, मंग ममईला, मंग हिकडं. फोनवर बरा हाय म्हटलं की ठेवतोस. गोळीचं इचारलं तेवा पयल्यांदा तू माज्याशी दोन वाक्यं जास्ती बोललास."

"म्हणजे लायसन…"

"कसलं लायसन रे. ती रायफल काका गेले तेवाच पोलिसात जमा झाली. ह्या पायावर मला कोन बंदूक देतो?" अण्णा हसले. मग हसायचे थांबले. "तुज्या हापिसातला कोनी गाववाला भेटला हुता मला. तो म्हनला, तुजा भाऊ सारका डुकराच्या गोळ्यांचं बोलतो. म्हटलं, चला, निदान त्यावर तरी बोलंल."

पॉरिक चहाचा ट्रे घेऊन दारात आला, आमच्याकडे पाहिलं आणि तसाच आत वळला. सुर्वे गडग्यावर अण्णांच्या शेजारी बसले. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. सुर्वे म्हणाले, "दुखतो का रे अजून?"

"थंडीत," अण्णा म्हणाले.

येताना गाडीपर्यंत सुर्वे त्यांच्या शेजारून चालले. फार हळू. ज्याला सवय नाही त्याला इतकं हळू चालणं कठीण जातं. ते मधेच एक पाऊल पुढे जात आणि थांबत.

जुलैत अण्णा परत गेले. सुर्व्यांनी गणपतीला गावी जायचं तिकीट काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आता गाडीतले फोन लांबले होते. मखर कशाचं करायचं, भजनाला कोण, आरतीला ढोलकी कोण वाजवणार. लिक्सलिप आलं तरी सुर्वे फोन ठेवत नसत. मी खुणेनेच निरोप घेऊन उतरत असे.

गणपतीच्या आधी, श्रावणात, एका सकाळी असाच फोन आला. सुर्वे "हं, बोल अण्णा" म्हणाले. पलीकडे पुतण्या होता. अण्णा पहाटे गोठ्यात गेले होते, तिथेच बसले, आणि उठले नाहीत.

सुर्व्यांनी गाडी बाजूला घेतली. आरशात बघून, मागे वळून बघून, नीट. मग म्हणाले, "मॅडम, पुढे तुम्ही चालवाल का?"

ते त्याच दिवशी निघाले, पण अंत्यदर्शनाला पोचणं शक्य नव्हतं. दिवस करायला पोचले. सुतक म्हणून त्या वर्षी घरात गणपती बसला नाही. परत आले ते अर्धे होऊन. रायफल त्यांनी परवान्यासकट परत केली. त्या हिवाळ्यात पॉरिक स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊन गेला. गाडीत सुर्वे गप्प असत. मी थंडीबद्दल बोलत असे.

मग एका शनिवारी मी ईराला खेळाच्या सरावाला सोडून नदीकाठच्या पार्कातून चालले होते. तिथे एका बाकावर सुर्वे बसलेले दिसले. शेजारी एक म्हातारा आयरिश गृहस्थ, डोक्यावर टोपी, पायाशी तितकाच म्हातारा कुत्रा. मी जवळ गेले. सुर्वे जरा गडबडले. गृहस्थांनी टोपीला हात लावला आणि मला विचारलं, "तुम्हीही आनाला ओळखता?"

मला कळायला क्षण लागला. अण्णा.

"अहो, उन्हाळ्यात रोज यायचा तो माझ्या शेजारी," म्हातारा म्हणाला. "मला त्याचं एक अक्षर कळायचं नाही, त्याला माझं. फार छान गप्पा व्हायच्या. माझी बायको गेल्यापासून इतकं कोणी बोललं नव्हतं माझ्याशी."

मी सुर्व्यांकडे पाहिलं. ते नदीकडे बघत होते.

"मी याला विचारत होतो," म्हातारा पुढे म्हणाला, "थंडी पडली, त्याचा पाय कसा आहे?"

"ग्रँड," सुर्वे म्हणाले. "बरा आहे आता. तिकडे इतकी थंडी नसते. भात कापून झालं. यंदा डुकरांनीही फार त्रास दिला नाही."

"चांगलं झालं. गेल्या शनिवारी गाय व्यायची म्हणालास ना?"

"व्याली. पाडी झाली."

म्हातारा खूश झाला. त्याने कुत्र्यालाही ते सांगितलं. मी त्या कुत्र्याला थोपटत उभी राहिले.

"एक सांग," म्हातारा सुर्व्यांना म्हणाला, "तू इकडे. तिकडे त्याच्याजवळ बसायला कोणी आहे का? त्याला बोलायला माणूस लागतं."



"आहे," सुर्वे म्हणाले. "त्याचा भाऊ आहे. धाकटा. गावातच असतो."

"तू नव्हे? आणखी एक?"

"आणखी एक. तो रोज संध्याकाळी येऊन बसतो त्याच्यापाशी."

"मग काळजी नाही," म्हातारा म्हणाला, आणि खिशातून बिस्किटाचा पुडा काढून त्याने तो सुर्व्यांपुढे धरला. सुर्व्यांनी एक घेतलं. मी ईराला आणायला निघाले.